धीट पोर

आप्पा, काल शाळेच्या हॉलात गाणं ऐकलं, पर त्यात गाणंच नव्हतं. पुण्याची चार पोरं-पोरी आलती, माकणीच्या धरणावर पाण्याचा आवाज भरून घ्यायला. सांजच्याला गावाला ऐकवतो म्हणली. एकानं माझीच पितळंची परात मागून घेतली अन् तिच्या काठावर सारंगीचा गज घासत बसला. आवाजाच्या मोठ्या पेट्यांतनं घूंऽऽ निघायचं, मधीच धरणाचं पाणी, मधीच नुसती खरखर. ना ताल, ना बोल. जाऊबाई म्हणल्या, "गाणं कवा सुरू व्हायचंय?" पुढची म्हातारी म्हणली, "अगं, निम्मं झालं की!" समद्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्याबी हसले. मग हसू थांबलं. फरशीतनं आवाज पायात चढत हुता, दातात बसत हुता. आपल्या पिठाच्या गिरणीत बसल्यावानी वाटाय लागलं.

तुमाला नात झाली, ते सांगायचंच ऱ्हायलं. दवाखान्यातनं घरी आणली तवा सासूबाईंनी रीतीपरमाणं तिच्या कानापाशी ताट बडवलं, लेकरू भित्रं होऊ नये म्हणून. ती दचकली न्हाय. "लई धीट पोर हाय!" म्हणून सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. पुढं दिवाळीत दारात फटाके फुटले, तरी ही झोपलेली. तवाबी धीटच म्हणली समदी. आता रांगाय लागली, पर हाक मारली तर वळत न्हाय. मला लई भ्या वाटतंय. कालपातूर कुणाला बोलले न्हवते.

काल ती मांडीवरनं उतरून रांगत त्या पेटीपाशी गेली. पेटीवर तळहात ठेवला अन् हसली. हात काढला की गप, ठेवला की हसायची. जाऊबाई म्हणल्या, "बघ, आपल्याला न्हाय कळलं, हिला कळलं गाणं!" पर तो हात मला ठावं हाय, आप्पा. गिरणीनं तुमचे कान गेले, मग तुमी गिरणीवर असाच हात ठेवून दाणा सरला का बघायचा.

घरी आल्यावर ह्यांना समदं सांगितलं. हे म्हणले, "परवा धाराशिवला कान तपासून आणू. भिऊ नको." भिऊ नको म्हणायला काय जातंय. तुमी गेल्यावर ही चिठ्ठी टाकणार कुठं, ठेवते पिठाच्या डब्याखाली. एकच सांगते. आज घरात कुणी न्हाय बघून म्या तिच्या पाठीमागं ताट वाजवलं. वाजवताना डोळे गच्च मिटून घेतले. ती वळली का न्हाय, म्या बघितलंच न्हाय.