एन-अकराची वायर

१५ मे २००७, मंगळवार

आवाज आमच्याच थेटरातला आहे. शंभर टक्के!

सकाळी ऑफिसला निघताना सुरुचीनं कॉम्प्युटरवर दाखवलं. शुक्रवारी लागलेला आमचाच सिनेमा, नेटवरून उतरवलेला, फुकट. "बाबा, ऑफिसात सगळ्यांकडे आलाय. किती क्लिअर आहे बघा!" क्लिअर कसला? डावीकडे फोकस मऊ, कॅमेरा तिरका. पण पडदा पांढरा झाला की उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन दिसतो. नऊ इंच बाय सात. ते ठिगळ मी लावलंय, गेल्या गणपतीच्या आधी.

आणि आवाज! चोरून घेतलेल्या कॉपीत लोक खोकतात, वेफर्सची पाकिटं वाजतात. यात एकही खोकला नाही. असा आवाज आमच्या हॉलमध्ये एकाच जागी मिळतो. ओळ एन, खुर्ची अकरा.

पोरीला म्हटलं, ऑफिसला उशीर होईल. चहा तसाच राहिला.

दुपारी, प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये. दुसरं रीळ चालू आहे.

लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

आगाशीचे ॲन्सेल्म सर. रिटायर शिक्षक, कानानं अधू. दर शनिवारी बसनं मॅटिनीला येतात. त्यांच्यासाठी एन-अकरा खुर्चीच्या हाताखाली मी हेडफोनचं सॉकेट बसवलं. केबिनमधल्या ॲम्प्लिफायरपासून एकवीस मीटर वायर, कार्पेटखालून. सर्किट माझं, कोणाला विचारलं नाही, कोणी शिकवलं नाही. मॅनेजर फ्रेडरिकसाहेबांनाही सांगितलं नाही — नको म्हणाले असते.

रविवारी साडेतीनच्या शोआधी एक चाळिशीचा माणूस वर आला. कानाला हात लावून, "मास्टरजी, कम सुनता हूँ. आपकी ग्यारह नंबरवाली सीट का बहुत नाम सुना है." नाव ऐकलंय म्हणाला! मी फुगलो. त्याची पिन लहान होती, तर माझा ॲडाप्टर दिला. खाली जाऊन लावून दिला. शिवाय सांगितलं, आवाज सातच्या पुढे नेऊ नका, फाटतो. शेजारी त्याचा दोस्त, मांडीवर बॅग. वायर त्या बॅगेतच गेली असणार.

चोराला पिन मी दिली! आवाज किती ठेवायचा तेसुद्धा मीच सांगितलं!

१६ मे, बुधवार

सुरुचीला सहज विचारल्यासारखं विचारलं — सरकार हे बंद का करत नाही?

हसली. "काय बंद करणार, बाबा? साइट एका देशात, तिचं नाव घेतलंय दुसऱ्या देशात, चालवणारा तिसरीकडे. एक बंद केली तर दुपारपर्यंत दुसऱ्या नावानं चालू. आणि सिनेमा त्या साइटवर नसतोच."

मग असतो कुठे?

"तुकड्यातुकड्यांत. लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. जो उतरवतो, त्याच्याचकडून पुढचे घेतात. काल संध्याकाळी चार हजार जण वाटत होते."

म्हणजे आपल्या घरातूनही?

तिचा हात माऊसकडे गेला.

मी उठलो आणि भिंतीतला प्लग उपटला. ती ओरडली, "बाबा, तसं नाही करायचं, बिघडेल!" बिघडू दे! पण बाकीच्या चार हजार घरांतले प्लग कोण उपटणार? पोलीस दारोदार फिरणार?

१७ मे, गुरुवार

सकाळी सातला थेटरात. सॉकेट काढलं, वायर ओढून घेतली. भोकात भुसा आणि सरस भरून वरून पॉलिश. इतकं बेमालूम झालं की नंतर मलाच जागा सापडेना. वसईत हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही — असं मनात आलं. पुरावा बुजवतोय आणि वर शाबासकी घेतोय!

१८ मे, शुक्रवार

पोलीस आले. साहेब तरुण, घामानं भिजलेला. मला फ्रेडरिकसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सिनेमाच्या कंपनीचं पत्र. कंपनी हल्ली प्रत्येक प्रिंटवर बारीक ठिपके मारते. कॉपीतले ठिपके जुळवले की कुठली प्रिंट ते कळतं. आमची निघाली.

पण ती एकट्या आमची नाही! सातिवलीच्या वाटेवर, स्टेशनच्या पूर्वेच्या थेटरात तीच चालते. त्यांचा शो पाऊण तास मागे. आमचं रीळ संपलं की स्कूटरवरून पुलापलीकडे. एक प्रिंट, दोन थेटरं — सगळीकडे चालतं, कागदावर कोणी लिहीत नाही.

साहेबानं विचारलं, "ती साइट सील करायची तर ऑफिस कुठे तिचं?" कोणी हसलं नाही. मग स्वतःच म्हणाला, "आम्ही वर लिहिणार. वरून मुंबई, मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून परदेश. उत्तर येईपर्यंत तुमचा पिक्चर टीव्हीवर लागेल. आणि मला आठवड्यात माणूस दाखवायचाय."

म्हणजे हात पोचेल तो माणूस. हाताशी कोण? मी.

माझ्याकडे वळला. "कॉम्प्युटर येतो का हो?"

मी तोंड उघडायच्या आत फ्रेडरिकसाहेब — "याला? अहो, सव्वीस वर्षं मशीनला तेल घालतोय. आठवी पास. मोबाइलवर मेसेज टाकता येत नाही दिनानाथला!" दोघं हसले.

मला येतं! घरचा कॉम्प्युटर एकेक पार्ट आणून मी जोडलाय!

"नाही येत, साहेब," म्हणालो.

१९ मे, शनिवार

ॲन्सेल्म सर आले. अकराच्या हाताखाली चाचपत राहिले. इंटरव्हलला जिना चढून केबिनच्या दाराशी. धाप लागलेली. "दिनानाथ, आज तुझं मशीन माझ्यावर रुसलं का रे?"

उंदरानं वायर खाल्ली म्हटलं.

"मग पुढच्या शनिवारी?"

बघतो म्हटलं.

खिडकीतून बघत होतो. बाकीचे हसले की तेही हसत. जरा उशिरा.

२१ मे, सोमवार

रॉबर्टला नेलं. पूर्वेच्या थेटराचा ऑपरेटर. रीळ जोडायला मीच शिकवलं त्याला, अजून मला मास्तर म्हणतो. घरी कॉम्प्युटर आणि लग्नं-बाप्तिस्मे शूट करायचा कॅमेरा. साहेबाला आणखी काय हवं?

सुटलो! — हेच पहिल्यांदा मनात आलं. इथे खोटं कशाला लिहू.

२२ मे, मंगळवार

सव्वाआठला रॉबर्टची बायको लिडिया दारात. माझ्या बायकोनं, आशालतानं, तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिनं ते हातातच धरून ठेवलं. "मास्तर, आमच्या मानसाला कालपासून आत ठेवलाय. तुमचा शब्द मानतील ते. सांगा ना, रॉबर्ट तसा नाय."

मी तिला कायदा समजावत बसलो. कोर्ट कधी, जामीन कसा, अर्ज कुठे. मुद्देसूद. वीस मिनिटं.

ती म्हणाली, "म्हंजे तुम्ही येता का नाय?"

शो आहे, म्हटलं.

पहिला शो साडेबाराला असतो. आशालताला हे माहीत आहे. 

२३ मे, बुधवार

जिन्यात बूट वाजले. वरच्या मजल्यावरचा विमावाला होता. या ओळीचं अक्षर माझं वाटत नाही.

२४ मे, गुरुवार

सुरुची धावत आली — "बाबा, ती साइट बंद झाली!"

अर्धा तास माणसात आलो. पोटभर जेवलो. सिनेमाच नेटवर नाही, तर कोण कुठलं ठिगळ बघणार?

संध्याकाळी तिनंच सांगितलं, आता आठ ठिकाणी आहे. एका ठिकाणी अरबी अक्षरं खाली लावून.

पडद्यावरचं ठिगळ मी उद्या उपटून टाकेन. नवा पडदा लावेन. पण त्या हजारो घरांत ते जसंच्या तसं आहे. नऊ बाय सात. सरकारला काढता येत नाही, ते मी कसं काढणार? कधीतरी, कोणीतरी, नीट बघणारा बघेल.

२५ मे, शुक्रवार

रॉबर्ट काल जामिनावर सुटला. थेटराच्या मालकानं कामावरून काढलं.

मला न सांगता आशालता त्यांच्याकडे जाऊन आली. कॉपी कुठे झाली ते रॉबर्टनं पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात, कोपऱ्यातलं ठिगळ बघून ओळखलं होतं. शेवटपर्यंत बोलला नाही. लिडिया भांडली, तर तिला म्हणाला, "मास्तर येतील गं. त्यांना जरा वेळ लागेल."

सकाळचे नऊ वाजून दहा. वायर घेऊन पोलीस ठाण्यात निघतो.