पुसलेली चौदा पानं

प्रिय ताई,

पत्र बघून हसशील. दीड तासावर राहते आणि पत्र लिहिते. पण फोनवर माझं काय होतं तुला माहितीय. परवा दोनदा केला, दोन्ही वेळा भाओजींनी उचलला. दुसऱ्यांदा म्हणाले, नुसता श्वास ऐकू येतोय म्हणजे सूयुनच असणार, बोल की गं, फोन चावत नाही. मी ठेवून दिला. म्हणून लिहितेय. चुका काढू नकोस, शाळा सोडून दोन वर्षं झाली.

आई बरी आहे. पंचांगातला सातवा, पितरांचा महिना लागल्यापासून त्यांच्या ताटांच्या मागे आहे. यंदा तिच्या डोक्यात आलं की बाबांच्या ताटाशेजारी त्यांचं ते करडं वाचायचं यंत्र ठेवायचं, चालू करून. नुसता तेलभात खाऊन काय करतील, वाचायला नको का, म्हणाली. आठवतं ना तुला ते? बाबा बसमध्ये बारीक काडीने पानं उलटत तलवारबाजांच्या गोष्टी वाचायचे, आणि आपलं उतरायचं ठिकाण मागे जायचं.

मी ते त्साइ काकांच्या दुकानात नेलं. मी तिथेच काम करते आता, स्टेशनाजवळ, जुने फोन दुरुस्त करायचं. काका म्हणतात, शाळा सोडलीस ते बरं केलंस, इथे कोणी तोंडी परीक्षा घेत नाही. बॅटरी बदलली आणि चालू झालं. याच्या आधीच्या जातीचं असतं तर बॅटरी मेल्याबरोबर आतलं सगळं गेलं असतं, म्हणाले. पण त्यातली पुस्तकं आताच्या कशातच उघडत नाहीत. म्हणून काकांनी मला त्या फायलींची घडण शिकवली. तीन दिवस लागले, पण मला फार आवडलं ते.

त्या यंत्रातलं पुस्तक अखंड नसतं, ताई. छोटे छोटे तुकडे असतात आणि सुरुवातीला एक यादी, कुठला तुकडा कुठे ठेवलाय त्याची. यंत्र यादी बघतं आणि तुकडा दाखवतं. तारीख पण असते, ती आधी मी वाचली तर अजून पन्नासेक वर्षांनी येणारी निघाली. तशीच काकांना दाखवली. काका हसले, म्हणाले वेडे, हे यंत्र सेकंद मोजायला १९०४ पासून सुरुवात करतं, तू १९७० पासून मोजलेस, सहासष्ट वर्षं कमी कर. केली. तू सातवीत होतीस त्या वर्षाची निघाली. ज्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले, तुला लाल सायकल घेऊन, आणि म्हणाले टेकडीवरचं भिंत तपासायचं काम सोडलं. तो दिवस.

गोष्टींच्या मध्ये एक पुस्तक बाबांनी स्वतः केलेलं होतं. नाव होतं फक्त 'भिंत'. तुमच्या वसाहतीमागच्या भिंतीच्या नोंदी, दर पंधरवड्याच्या. भिंतीमागचं पाणी मोजायच्या कुठल्या नळीत पाणी किती वर, कुठली भेग केवढी. भेगा चॉपस्टिकने मोजायचे. टोक गेलं, अर्धी गेली, असं लिहिलंय. वाचताना शेवटी सगळं ठीक दिसतं. पण यादीत तुकडे जास्त होते आणि पडद्यावर कमी. चौदा कमी.

काका म्हणाले, पुसलेले असतील. या यंत्रात पुसलं की लगेच जात नाही, यादीत नुसती खूण पडते. यंत्र विचारतं, संगणकासाठी प्रत ठेवू का, आणि तिथल्या चौकटीत होकाराची खूण आधीच केलेली असते. ती काढली तर मजकूर तिथल्या तिथे जातो. नाही काढली तर संगणकाला जोडेपर्यंत आत पडून राहतो. बाबांनी चौदाही वेळा ती होकाराची खूण काढली नाही. आणि नंतर यंत्र कधी जोडलंच नाही. विसरले की मुद्दाम, मला माहीत नाही. ताटापुढे कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकून मनातच विचारलं. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा दोन्ही उताण्या पडल्या, ना हो ना नाही. आई म्हणाली, बाबा हसतायत.

त्या पानांत असं आहे. भिंतीमागचं पाणी पाऊस थांबल्यावरही उतरत नाही. भिंतीला मागे ओढून धरणाऱ्या तारांचे नट गंजून गळायला लागलेत. वसाहतीच्या समितीच्या अध्यक्षांना सांगितलं, ते म्हणाले घरं विकली जायची आहेत. पुढे अगदी शेवटी, 'भिंतीतल्या भोकांतून पाणी गळतंय तोवर भीती कमी. गळायचं थांबलं तर खालच्या रांगेतल्या लोकांनी निघावं.'

तू गेल्या महिन्यात आईला काय सांगितलंस ते मी शेजारी बसून ऐकलं होतं. समितीने भिंतीला नवा गिलावा केला, ते घाणेरडं गळणं बंद झालं, आता कपडे मागे वाळत घालता येतात. आणि स्वयंपाकघराचं दार अडकतं, सुतार बोलवायचाय. बाळाचा चेंडू कुठेही ठेवला तरी घरंगळत मागच्या खोलीत जातो, म्हणून तू हसत होतीस.

ते घर तू का घेतलंस तेही मला माहितीय. सगळ्यांना सांगायचीस, आमच्या बाबांनी सांभाळलेली भिंत आहे ही.

ताई, हे मला कळून तीन आठवडे झाले. मी गप्प बसले. बाबांचं नाव जाईल, ती सायकल गप्प राहण्याच्या पैशातली होती का असं तुला वाटत राहील, भाओजी म्हणतील शाळा सोडलेली पोरगी इंजिनिअर झाली. प्रत्येक दिवशी एक कारण सापडायचं. बाबांनाही असंच सापडत गेलं असेल.

आज सकाळी बसने आले. तुझ्या घरामागे गेले. गिलाव्याला तुझ्या खिडकीच्या उंचीवर नवी भेग पडलीय. आईच्या स्वयंपाकघरातली चॉपस्टिक आणली होती, जाड बाजूने आत घातली. अडकली नाही. पूर्ण आत गेली, हातातून सुटली आणि पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग तुझ्या दारापर्यंत आले, आत भाओजी बाळाला हसवत होते, आणि माझा आवाजच फुटेना. परत खाली आले.

हे टेकडीखालच्या दुकानात बसून लिहितेय. इथल्या टीव्हीवर वादळ उद्या दुपारी सांगतायत आणि पावसाची पहिली सर आत्ताच येऊन गेली. लिहून झालं की वर येईन, पत्र दाराखालून सरकवीन, घंटा वाजवीन आणि पळून जाईन. चौदा पानांची छापील प्रत सोबत आहे, भाओजींना ती दाखव, माझं काही दाखवू नकोस. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांनाही तूच सांग, तुझं ऐकतील. काही घेऊ नकोस. बाळाला घे आणि खाली ये. मी बसथांब्यावर आहे. तुम्ही येईपर्यंत एकही बस पकडणार नाही.

तुझीच,
फोनवर नुसता श्वास घेणारी
सूयुन