अर्जदाराने शिवलेल्या हातांवरील पिशव्या उतरवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वृद्ध शुश्रूषागृह, पहिला मजला.

विषय : खाट क्रमांक सातवरील रुग्ण (अर्जदाराची आई) हिच्या हातांवरील पिशव्या व नाकातील नळी काढून तिला आरामापुरती काळजी मिळण्याबाबत, तसेच त्याच नमुन्याच्या इतर पिशव्या परत मिळण्याबाबत.

संदर्भ : नातेवाइकांच्या सभेत आपण अर्जदाराचे केलेले जाहीर कौतुक.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदाराची आई स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात आपल्या देखरेखीखाली आहे. ती बोलत नाही, माणूस ओळखत नाही, आणि तोंडात गेलेल्या घासाचं पुढे काय करायचं हे तिला आठवत नाही. हिवाळ्यात तिचं खाणं तुटलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की आजार इथवर आला की असं होतंच, चमच्याने घेईल तेवढं प्रेमाने द्या. त्यावर अर्जदाराने भर व्हरांड्यात, "म्हणजे आईला उपाशी मारायचं का?" असा आवाज चढवला. येणारेजाणारे थांबून बघू लागले. नळी घालण्यात आली. ती अर्जदाराच्या हट्टाने घातली गेली, शुश्रूषागृहाचा त्यात दोष नाही, हे प्रथम नमूद करते.

२. नळी खुपते म्हणून आई ती ओढून काढू लागली. तान्ह्या बाळाने स्वतःला ओरबाडू नये म्हणून त्याच्या हातांना घालतात तशा पिशव्या अर्जदाराने घरी आपल्या बाळासाठी नुकत्याच शिवल्या होत्या. त्याच मापाने, मोठ्या करून, आईसाठी शिवल्या. आईने उभा जन्म शिलाईच्या दुकानात काजं केली आहेत. अर्जदाराला सुई धरायला तिनेच शिकवलं. कसलीही शिवण ती नखाने चाचपून, गाठ कुठे आहे ते शोधून, बघता बघता उसवते. ही गोष्ट जगात अर्जदाराइतकी कोणालाच माहीत नाही. म्हणून अर्जदाराने दुहेरी टीप घातली, गाठी अस्तराच्या आत दडवल्या आणि नाड्या मनगटामागे नेल्या. आई दोन दिवस पिशवीवर पिशवी घासत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने नाद सोडला. अर्जदाराने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "जमलं बाई एकदाचं!" या आनंदाची अर्जदाराला आज अतिशय लाज वाटते.

३. पुढे आपण सभेत त्या पिशव्या उंच धरून "लेक असावी तर अशी" असे उद्गार काढलेत. टाळ्या पडल्या. अर्जदार लाजली, पण मनात फुललीही. आणखी पिशव्या मागितल्यात, त्याही हौसेने शिवून दिल्या. बाळाच्या दुपट्याचं कापड त्यात संपलं.

४. सदर पिशव्या आता ज्यांना नळी नाही अशांच्याही हातांवर आहेत. एक आजी सारखी गुंड्या काढते म्हणून तिला. खिडकीजवळच्या बाबांना तर, ते मदतनीस मुलींची बाही धरून ठेवतात म्हणून. दारालगतचे मास्तर बोट उगारून सगळ्यांना गप्प बसवत असत. आता ते पिशवी उगारतात आणि कोणी गप्प बसत नाही. मास्तरांच्या सुनेने अर्जदाराला जिन्यात गाठून, "ताई, काय सोय केलीत हो! बाबा अगदी गरीब झाले," असे आभार मानले. अर्जदाराला "अहो, नका घालू" असं म्हणता आलं नाही. "असू दे, असू दे" असं म्हणून ती खाली उतरली.

५. गेल्या भेटीत नखं कापण्यासाठी अर्जदाराने आईच्या एका हाताची पिशवी सोडली. आत कातडी ओली, पांढरी पडलेली, बोटांच्या बेचक्यांत वास येत होता. मोकळा हात नळीकडे जाईल म्हणून अर्जदार तयारीत होती. तो गेला नाही. आईने अर्जदाराच्या बाहीची कड चिमटीत धरली आणि अंगठा शिवणीवरून हळूहळू, टाक्याटाक्याला थांबत नेला. तेवढ्यात मदतनीस मुलगी म्हणाली, "घाला हो ताई, साहेब फेरीला निघालेत." अर्जदाराने घातली. दुसऱ्या हाताची नाडी सैल वाटली म्हणून ती आवळायला गेली, तर आईने तो हात आपणहून पुढे केला. अंगडं घालताना अर्जदाराचं बाळ करतं, अगदी तसा.

६. त्यानंतर अर्जदार डॉक्टरबाईंकडे जाऊन रडली. त्यांनी हिवाळ्यातलं काही काढलं नाही. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं असं दिसून येत नाही, ठसका थांबतोच असंही नाही, हे पुन्हा समजावलं. तोंड ओलं ठेवणं, दुखण्यावर औषध, कूस बदलणं, घेईल तेवढाच घास, आणि उगाच मोठ्या इस्पितळात हलवाहलव नाही, एवढं करता येतं. आणि ते पुष्कळ असतं, असं त्या म्हणाल्या. तेवढंच मिळावं, ही प्रार्थना.

७. बाकी पिशव्याही परत द्याव्यात. त्यासाठी हात धरून बसायला माणूस लागेल व माणसं कमी आहेत, हे आपण सांगालच. अर्जदार दुपारी बाळ शेजारणीकडे ठेवून येईल. आईजवळ बसेल आणि जमेल तसं मास्तरांजवळही.

८. नळी काढण्यासाठी दोन्ही मुलांची संमती हवी असं कार्यालयातून कळलं. परगावी असलेल्या थोरल्या भावाला अर्जदाराने अद्याप विचारलेलं नाही. तो म्हणेल, "आईला उपाशी मारतेस का?" हे वाक्य अर्जदाराचंच आहे. आपण कार्यालयातर्फे त्याला कळवावं, अशी विनंती इथे लिहिली होती. ती खोडली आहे. खाडाखोडीबद्दल क्षमस्व. भावाला अर्जदार स्वतः सांगेल.

९. अर्ज मान्य झाल्यास आई या उन्हाळ्यापलीकडे राहणार नाही, हे अर्जदाराला कळतं. कळून मागते आहे. उद्या कोणी विचारलं तर डॉक्टरबाईंचं नाव पुढे करू नये, मुलीने मागितलं असं सांगावं.

आपल्या होकाराची वाट पाहणारी, नम्र,

(सही)
सात नंबरच्या आजींची धाकटी
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१. डॉक्टरबाईंच्या सल्ल्याची प्रत.
२. थोरल्या भावाचे संमतिपत्र : जोडलेले नाही. बाळ उठायच्या आत आज त्याला फोन करते आहे.