एका वेळी एकच

आई, तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. आता ताथवड्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आज स्मृतीवर तास होता. आत्ता ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणारी जागा वेगळी आणि वर्षानुवर्षं जपणारी वेगळी, असं मी सांगत होते. एक मुलगी म्हणाली, "मॅम, पण पुरावा काय?" आणि मला भोसरीतली आपली खानावळ दिसली.

मेंदूत गाठ झाली म्हणून तू दवाखान्यात होतीस, नुकतीच घरी आली आहेस. हातपाय ठीक, बोलणंही नीट. एक कामगार सांगतो, "मावशी, दोन चपात्या, डाळ, कांदा, थोडा भात." तू वळतेस आणि रिकामं ताट धरून उभी राहतेस. "चपाती... अन् काय म्हणलास रे?" तो पुन्हा सांगतो, तू पुन्हा अडतेस. शेवटी बाबा म्हणाले, "बंद करू हे. हिच्या काही ध्यानात राहत नाही." तू कणीक मळत राहिलीस. नंतर मला हळूच विचारलंस, "मला येड लागलंय का गं?"

तुझ्या दुखण्यानंतरच जालन्याचा एक फिटर जेवायला येऊ लागला होता. तो गावी जाऊन महिन्याभरानं परतला, तसं तू दारातच विचारलंस, "बायको बाळंत झाली का? अन् तुला कूट चालत न्हाई, ध्यानात हाय माझ्या." बाबा हात धुता धुता थांबले. "हे कसं राहिलं हिच्या लक्षात?" दुसऱ्या दिवसापासून शिफ्टवरून आले की ते तुझ्या शेजारी उभे राहायचे. "चपाती," म्हणायचे. ती तू वाढलीस की मग, "डाळ." तू होतीस तोवर खानावळ चालली.

वर्गात मी सांगितलं, काही पेशंट आत्ता ऐकलेला नंबर लगेच म्हणून दाखवतात, पण काल कोण भेटलं ते त्यांना आठवत नाही. आणि खानावळ चालवणाऱ्या एका बाईंचं अगदी उलट होतं. जागा एकच असती तर दोन्ही गोष्टी बरोबरच गेल्या असत्या. त्या मुलीनं विचारलं, "तुम्ही भेटला होतात त्यांना?" मी नुसतं "हो" म्हटलं आणि फळा पुसायला वळले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुझे शब्द सगळे आहेत गं माझ्याजवळ. आवाज मात्र आता आठवत नाही.