मोशीच्या ओढ्याचे फोटो

४ नोव्हें.
रशीदभाईंचा फोन. ओढ्याकाठी त्यांचं गॅरेज, मागे घर. बिल्डर राडारोडा टाकून ओढा बुजवतोय. म्हणतो, इथं ओढा नव्हताच, पावसाचं डबकं होतं. तक्रारीची सुनावणी लागली आहे.
"तुमच्याकडं फोटो असतील राव. दरसाल सकाळी येऊन आमचा चहा पिऊन पाण्याचंच तर फोटो काढायचा."
ओढा बंद झाला की पुढच्या पावसात पाणी सरळ घरात.

५ नोव्हें.
सुनावणीच्या कार्यालयात चौकशी. डिजिटल नको म्हणे. "मोबाइलवर लोक समुद्रसुद्धा आणतात. निगेटिव्ह आहे का?" आहेत. हायसं वाटलं.

७ नोव्हें.
सगळे जुने रोल लाइटबॉक्सवर. धुकं, लव्हाळं, वाहतं पाणी. गॅरेज एकातही नाही. विजेचा खांब येऊ नये म्हणून चिखलात उतरून काढलेले फोटो. डिजिटलमध्ये तर ताराही पुसल्यात. मूळ फाइली डिस्क भरली तेव्हा उडवल्या.
तरी त्यातल्या बऱ्या निगेटिव्हचे प्रिंट टाकले.

९ नोव्हें.
प्रिंट घेऊन मोशीला. भाभींनी निरखून पाहिले. "माशाल्ला, काय जागा आहे. कुठली ही?"
रशीदभाई म्हणाले, "आपलीच."
"मग आपण कुठंय?"


११ नोव्हें.
सुनावणी. साहेबांनी एकेक प्रिंट उजेडात धरला. निगेटिव्हही पाहिल्या. "सुंदर. कॅलेंडरला द्या. पण ही मोशीच, हे कशावरून?" पुढची तारीख, महिनाअखेर.
जिन्यात रशीदभाई, "चला, तुमचं कौतुक तरी झालं."

१२ नोव्हें.
फिल्मचा कॅमेरा घेऊन गेलो. दोन ढिगाऱ्यांमध्ये पाण्याची एक पट्टी उरलीय. या वेळी खांब घेतला, तारा, गॅरेजची पाटी, मागचे टॉवर. रशीदभाई सवयीनं बाजूला सरकले.
"थांबा. पाण्याजवळ उभे राहा."
"इथं? वास मारतंय."
"मारू दे."
मागं डंपर येऊन थांबला. ड्रायव्हर खिडकीतून, "काका, उरका. मला अजून खेपा आहेत."
घाईत रोल संपवला. आम्ही हटलो, त्यानं ट्रॉली उचलली. धूळ बसली तेव्हा पट्टी नव्हती.
रोल मुंबईला धुवायला जातो. तारखेच्या आत येईल का, लॅबवाला नक्की सांगत नाही.
"फोटोत पाणी आलं ना?" रशीदभाई.
फिल्मवर लगेच कळत नाही. हो म्हणालो.