आखूड खिसे

३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शाळेच्या वेळेत मुलांचे मोबाइल बंद, असा नियम मी केला आणि मोहोळ उठलं. मुलांशी बोलायचं कसं, म्हणून पालक तुटून पडलेत. एक वकील तर मला रोज कायदा शिकवतात. महिनाअखेरच्या सभेत मतदान आहे. हरले, तर पुन्हा बाकाखाली डोळे लावून बसलेल्या वर्गाला शिकवायचं. त्यापेक्षा भिंतीला शिकवलेलं बरं.

तू पडलीस शिंपीण, म्हणून साकडं घालते. एका वर्गापुरता खिशांचा पडदा शिवून दे. मुलांनी आल्या आल्या आवाज बंद करून मोबाइल त्यात ठेवायचे. लोभ आहेच, त्यात थोडी घाई मिसळ.

तुझी भाची

१२ जुलै

चि. मुख्याध्यापिका बाईंस,
अ. उ. आ.

पडदा पाठवलाय. दुहेरी शिलाई आहे, पोरं लोंबकळली तरी उसवायचा नाही. पण एक घोळ झालाय. माप मी माझ्या बटणांच्या डबड्यावरून घेतलं. पार्सल गेल्यावर शेजारणीने तिचा मोबाइल दाखवला, तो दुप्पट लांब. म्हणजे तुझे मोबाइल निम्मे बाहेर डोकावणार. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि भाचीच्या वेळी माती खाल्ली. परत पाठव, नवे खिसे लावून देते.

वकिलाला घाबरू नकोस. लहानपणी माझी कात्री पळवताना कुठे घाबरायचीस? माया पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या

३१ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आपण जिंकलो. पडदा परत पाठवला नाही, तेच बरं झालं.

सभेआधी मी पालकांना गणिताच्या तासाला मागे बसवलं. पडदा त्यांच्या शेजारच्याच भिंतीवर होता. एक मोबाइल उजळला, मग दुसरा, मग रांगच लागली. निम्मे बाहेर असल्याने घरून फोन करणाऱ्यांची नावंही दिसत होती: आई, बाबा, पुन्हा आई. मुलं फळ्याकडे बघत होती. पालकांची नजर मात्र भिंतीवरून हलेना.

वकीलसाहेबांच्या लेकीचा मोबाइल तर विझेचना. शेवटी त्यांनीच बाहेर जाऊन पत्नीला फोन लावला, तर बाईंना स्वतःचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून त्या लेकीला फोन करत होत्या. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. सभेत पहिला हात त्यांचाच वर गेला. तातडीचे निरोप कार्यालयात द्यावेत, हेही त्यांनीच सुचवलं. मग सगळेच हात वर झाले, आत्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

आता बाकीचे वर्गही पडदे मागताहेत. माप तेच ठेव, बोटभरही वाढवू नकोस. लोभाचं माप तेवढं सढळ असू दे.

तुझी भाची