वाटाड्याविना फेरी आणि थांबा क्रमांक सात

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (समोर असतात तर खरोखर घातला असता, पण मी आडवी पडल्यावर तुमचं लक्ष आशीर्वादापेक्षा फरशीच्या सांध्यांकडे गेलं असतं, म्हणून कागदावरच बरा.) गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी शिडी बंद केल्यापासून तुम्ही स्टुलावर चढता आणि 'स्टूल म्हणजे शिडी नव्हे' असा वाद घालता, हे मामीकडून कळलं. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, आणि मी इतकी बरी आहे की चालताना मान आपोआप वर राहते.

तसं कारणच आहे. मी पदवीधर झाले तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "इमारतींचा इतिहास शिकून करणार काय? इमारती तर उभ्याच आहेत." त्याचं उत्तर आता सापडलंय. शहराच्या वारसा विभागाने मला सहा महिन्यांसाठी घेतलं आणि एक पुस्तिका लिहायला सांगितली. ती हातात घ्यायची आणि वाटाड्याशिवाय आपलं आपण शहर पाहत चालायचं. बारा थांबे, चार किलोमीटर. जुन्या देखण्या इमारतीही आणि हल्ली तरुण मंडळी जिथे गर्दी करतात ती ठिकाणंही. (बाबा म्हणाले, "तू अकराव्या महिन्यात चालायला लागलीस. आता नोकरी धरून लोकांना तेच शिकवणार?" पण ही बातमी त्यांनी शेजारच्या शिंपीकाकांना तीनदा सांगितली. शिंपीकाकांनी तेही मला तीनदा सांगितलं.)

छापण्याआधी पुस्तिकेची चाचणी होते. कार्यालयाबाहेरच्या तीन माणसांनी ती घेऊन चालायचं आणि लिहिणारीने दहा पावलं मागे राहून, अवाक्षर न बोलता, ती माणसं कुठे थांबली, कुठे चुकली ते टिपायचं. चाचणी पार पडली की पुस्तिका छापायला जाणार आणि शेवटच्या पानावर माझं नाव येणार. मतदारयादी सोडली तर आपल्या घरातलं छापलेलं हे पहिलंच नाव, मामा! मी आई, बाबा आणि शिंपीकाकांना निवडलं. आमच्या मुख्य बाईंनी शंका काढली की घरची माणसं कौतुकच करतील. मी म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्या घरच्यांना भेटला नाहीत."

रविवारी सकाळी निघालो. वाचायचं काम आईकडे, कारण ती चौथीपर्यंत शिकली आणि बाबा तिसरीपर्यंत, आणि हा एका इयत्तेचा फरक ती कधी विसरू देत नाही. माझी वाक्यं आई भर रस्त्यात, बोट ठेवून, खणखणीत आवाजात वाचत होती. पदवी घेताना झाला नव्हता एवढा आनंद मला तेव्हा झाला. जुन्या टपाल कचेरीसमोर 'अभिजात' या शब्दावर गाडी अडली. मला बोलायची बंदी. शेवटी तिघांनी विचारविनिमय करून ठरवलं की जिला खिळा ठोकायलाही परवानगी लागते ती अभिजात इमारत. (मी पुस्तिकेत दोन परिच्छेद घालवून हेच सांगितलं होतं.)

तिसरा थांबा म्हणजे सध्याचं सगळ्यात गाजलेलं कॉफीचं दुकान. भिंतींना गिलावा नाही, विटा उघड्या, छताच्या नळ्या उघड्या, दिवे वायरींना लोंबकळलेले. मी लिहिलं होतं, 'येथे साहित्याचा प्रामाणिकपणा दिसतो.' बाबांनी भिंतीवर तळवा फिरवला आणि गल्ल्यावरच्या मालकीणबाईंना, घरात कोणी गेल्यावर बोलतात तशा आवाजात विचारलं, "किती दिवस झाले पळून?"

"कोण?"

"गवंडी."

त्या बिचारीने हसत समजावलं की कोणी पळालेलं नाही, पूर्वी छान गिलावा होता, तो त्यांनी तीन आठवडे खपून मुद्दाम खरवडून काढला. बाबा खुर्चीत बसले. "होता तो काढला?" एवढंच दोनदा म्हणाले. शिंपीकाकांनी पाठीवर हात ठेवला. "अहो, माझ्याकडे पोरं कोऱ्या पँटी आणतात आणि गुडघ्यावर फाडून मागतात. मी देतो फाडून. आपण जग सुधारायला बसलोय का?" पण बाबांना राहवेना. उघडं ठेवायचं तर निदान सांधे नीट भरावेत, असं त्यांनी सुनावलं, आणि मालकीणबाई वही काढून कसे भरायचे ते लिहून घेऊ लागल्या. मी टिपलं: 'थांबा तीन. वीस मिनिटे. पुस्तिका उघडली नाही.'

आता थांबा क्रमांक सात. मामा, तुम्ही बसलेले असाल तर बरं.

सातवा थांबा म्हणजे शहराचं मोठं वाचनालय, आणि त्यातला गोल दगडी जिना. तीन वर्षं मी रोज तो चढले. अकरा पुस्तकं चाळून त्यावर चार ओळी लिहिल्या. आई पायथ्याशी उभी राहून वाचू लागली, "मूळ जिना कोसळल्यावर बत्तीस वर्षांपूर्वी हा देखणा जिना अज्ञात कारागिरांनी..." एवढ्यात पुढे गेलेले शिंपीकाका वर ठेचकाळले आणि कठड्याला लटकले. बाबा पुस्तिकेसोबतचा नकाशा उलटा धरून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "नववी. तिथं पाय जरा जास्त उचला."

माझं मौनव्रत तिथेच मोडलं. "बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"मी आणि तुझ्या मामानं बसवलाय हा. अज्ञात कोण?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू तिथं अभ्यासाला जायचीस. जिना बघायला कुठं जायचीस?"

परीक्षेच्या दिवसांत बाबा मला न्यायला यायचे, तेव्हा कठड्यावर हात ठेवून खाली उभे असायचे. मला वाटायचं, दमलेत. अकरा पुस्तकं धुंडाळली मी, मामा, आणि घरातलं बारावं उघडलंच नाही!

पुढे जे झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. बाबांनी शिंपीकाकांच्या खिशातली टेप घेतली, मध्यभागी खिळा ठोकून दोरीने गोलाई कशी आखली होती ते दाखवायला लागले, आणि बघता बघता वीसेक माणसं जमली. ग्रंथपाल 'हळू बोला' सांगायला आले आणि पायरीवर बसून ऐकत राहिले. एका विद्यार्थिनीने विचारलं, नववी पायरी अर्धं बोट उंच का? बाबा म्हणाले, "ते आमच्या मेव्हण्याला विचारा." सगळे हसले. पुस्तिकेतून डोकं वर काढून आई कडाडली, "माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही!" मग तर वाचनालयात कधी ऐकू आला नसेल एवढा हशा पिकला. तुम्ही आणि बाबा आजवर आईमार्फतच का बोलता, ते मला त्या दिवशी कळलं.

उरलेले पाच थांबे राहिलेच. मी अहवालात खरं ते लिहिलं: वाटाड्याविना फेरीत सातव्या थांब्यावर वाटाड्या उगवला. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, फेरी पास; जिन्याचा मजकूर तेवढा बघा. हा आनंद तुम्हाला कळवावा एवढ्याचसाठी हे पत्र. दुसरं काही काम नाही. मामींना नमस्कार, आणि स्टुलावरून खाली उतरा.

तुमची भाची

ता. क. काम थोडंसं आहे. 'अज्ञात' खोडून तुम्हा दोघांची नावं घालायची, तर जुन्या कागदांत फक्त कंत्राटदाराचं नाव सापडतं. बाई म्हणतात, मुलीने वडिलांचं ऐकून लिहिलेलं चालणार नाही. त्या कामावरच्या दुसऱ्या माणसाची सहीनिशी साक्ष हवी. तो दुसरा माणूस म्हणजे तुम्ही. शुक्रवारी पुस्तिका छापायला जाते.

ता. क. २. साक्ष आली नाही तर शेवटच्या पानावरून माझंही नाव काढा, असं मी बाईंना सांगून आलेय. जिना बांधणारे अज्ञात आणि त्यावर चार ओळी लिहिणारी ज्ञात, हे मला पटत नाही. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल: नववी पायरी बत्तीस वर्षं माझ्या माथी मारणाऱ्यासाठी मी सही करू? म्हणून रागावू नका, पण हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी आईला बाबांसमोर मोठ्याने वाचायला दिलं.

ता. क. ३. बाबांनी पत्र आईकडून घेऊन माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "लिही त्याला. नववीचं माप माझ्या हातात होतं." आई म्हणाली, "काय?" बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तू पहिल्यांदा भावाचा डबा घेऊन आलीस. माझं मापाकडे लक्ष नव्हतं." तेव्हापासून आई स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही, भांडी आपटल्याचा आवाज येतोय, पण रागाचा वाटत नाही. बाबांची एकच विनंती आहे की साक्षीत एवढं लिहू नका, छापून यायचं. आई आतून ओरडून सांगतेय, लिहाच, आणि डब्यासकट लिहा.